तबला वेदीपाशी का नको? सीमाभागातल्या मराठी मंडळ्यांच्या पंचांना आणि पाळकांना खुले पत्र

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, पंच, वडीलजन, पॅरिश कौन्सिलचे सभासद आणि गायकमंडळांचे प्रमुख यांस,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

हे पत्र एकाच मंडळीच्या कमिटीला लिहिता आले असते. तसे तोंडी बोलणे झालेही आहे. पण या भागात जिथे जिथे मी गायनाला गेले तिथे तिथे एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकले : "हे आपल्यात बसत नाही." तबला-डग्गा बसत नाही, हलगी तर नाहीच नाही, भजनी ठेका नको, जोगिया राग नको, कानडी चाल नको, बाईने पुढे उभे राहून आलाप घेणे नको. मग बसते काय, असे विचारले की कीबोर्ड, गिटार आणि चार आवाजांतले गायन एवढेच हातात उरते. आपले कोणते आणि परके कोणते हा हिशेब कोणी मांडला, कधी मांडला, हे तपासल्याशिवाय त्यावर ठराव करू नका, एवढे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

निमित्त घडले ते असे. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, आम्ही बायबलातले स्तोत्र १३० बसवत होतो. खोल गर्तेतून देवाचा धावा करणाऱ्या माणसाचे ते स्तोत्र. चाल जोगियात बांधलेली, ठेका दीपचंदी, लय संथ. तबल्याला आमच्या मंडळीतलाच मुलगा, संडे स्कूलमधून वर आलेला. शहापूरला एका गुरुजींकडे शिकतो. त्याने चपला बाहेर काढल्या, मांडी घातली, हातोडीने गठ्ठे सरकवत तबला काळी चारच्या सुरात मिळवला आणि वाजवण्याआधी सवयीने बोटे तबल्याला लावून कपाळाला लावली. मागच्या बाकावरून एक वडीलजन ताडकन उठले. "काय करूलालास रे? देवाच्या घरात वाद्याची पूजा करूलालास की काय?" मुलाचा हात तिथेच थांबला. पुढच्या आठवड्यात निरोप आला की मुख्य उपासनेत तबला नको. नाताळच्या कार्यक्रमात चालेल.

त्या वडीलजनांची काळजी मी हलक्यात घेत नाही. आपल्या कितीतरी घराण्यांनी आधीची दैवते सोडताना फार मोठी किंमत मोजली आहे. भाऊबंद तुटले, गावात पाणी बंद झाले, लग्ने मोडली. ज्यांच्या आजीने देव्हारा उचलून बाहेर ठेवला त्यांना नमस्काराचा हात दिसला की धस्स होणारच. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात मूर्तीला दाखवलेल्या अन्नाचा प्रश्न आहे, तो नेमका हाच. अन्नाने आपण देवाजवळ जात नाही आणि ते न खाल्ल्याने काही गमावतही नाही, असे तो सांगतो. पण ज्याचे मन दुबळे आहे त्याला आपल्या मोकळेपणाची ठेच लागू नये, असेही बजावतो. दोन्ही बाजू धरून चालायला हवे, हे मला मान्य आहे. फक्त ठेच कोणाला लागली, हे त्या दिवशी कोणी पाहिले नाही. मी नंतर त्या मुलाला विचारले. तो म्हणाला, "पाय लागला तर पाया पडतो, तसंच ते. हात चुकू नये म्हणून." पवित्र शास्त्र हातून निसटून खाली पडले तर आपण काय करतो? उचलतो, पुसतो, कपाळाला लावतो. ते करताना कोणी कागदाची पूजा करत नसतो. मुलाच्या मनात काय आहे हे मुलाला विचारायचे की बोटांवरून ठरवायचे?

आता वाद्यांकडे येते. ऑर्गन म्हणजे चर्च, हे आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की तो येशूच्या काळापासून तिथेच होता असे वाटावे. ऑर्गनचा पूर्वज इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात तयार झाला, पाण्याच्या दाबावर चालणारा. रोमन लोक तो आखाड्यांत वाजवत, जिथे माणसे एकमेकांना मारत आणि प्रेक्षक टाळ्या पिटत. सुरुवातीच्या मंडळीच्या पुढाऱ्यांना वाद्यांचा तिटकारा होता तो याचमुळे : वाद्य म्हणजे नाटकशाळा, मेजवान्या आणि परदैवतांचे उत्सव. कित्येक शतके उपासनेत नुसता गळा होता. पुढे युरोपात ऑर्गन चर्चमध्ये शिरला, रुळला, आणि १५२०च्या दशकात झुरिकमध्ये सुधारक झ्विंगलीच्या काळात पुन्हा बाहेर काढला गेला. झ्विंगली स्वतः अनेक वाद्ये वाजवणारा होता, हे विशेष.

पियानोचे तर याहून अलीकडचे आहे. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानो वाजवायला मनाई केली. त्याच कलमात ढोल, झांजा यांसारखी गोंगाटाची वाद्येही बंद केली. म्हणजे आपल्या कॅथलिक बंधू-भगिनींच्या पणजोबांच्या काळी पियानो आणि ढोल एकाच यादीत होते! साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज दिला. त्यात, विशेषतः मिशनच्या देशांत, लोकांची स्वतःची संगीतपरंपरा त्यांच्या धर्मजीवनात मोठी असते आणि तिला तिचे योग्य स्थान द्यावे, असे स्पष्ट लिहिले आहे. पाइप ऑर्गनचा मान राखूनही इतर वाद्यांना दार उघडले. जे फादर अजून तबल्याला नाक मुरडतात त्यांनी तो भाग पुन्हा काढून वाचावा, ही नम्र विनंती.

आणि गिटार? तिच्याबद्दल आज कोणी चकार शब्द काढत नाही. 'सायलेंट नाईट' हे ज्या जर्मन गीताचे इंग्रजी रूप, ते १८१८च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात पहिल्यांदा गायले गेले, ते गिटारच्या साथीवर. त्या काळी गिटार हे घरगुती आणि गावगाण्याचे वाद्य होते. तिथल्या एका तरुण पाळकाने आणि शाळामास्तराने ते वेदीजवळ नेले म्हणून आज जगाचा नाताळ त्या गीताशिवाय होत नाही. इथियोपियाच्या प्राचीन मंडळीत तर आजही मोठाले ढोल उपासनेचा भाग आहेत. आणि आपले स्तोत्र १५० उघडा : कर्णा, सतार, वीणा, डफ, नृत्य, झणझणणाऱ्या झांजा. ज्या पुस्तकाला आपण देवाचे वचन मानतो त्यात डफ आहे, कीबोर्ड नाही. यावरून कीबोर्ड बंद करा असे मी म्हणत नाही. पण 'ख्रिस्ती वाद्य' नावाची वस्तू पवित्र शास्त्रातही सापडत नाही आणि इतिहासातही नाही.

पेटीवर मला जरा जास्त बोलायचे आहे, कारण माझे निम्मे आयुष्य तिच्या भात्याशी गेले. गावच्या भजनी मंडळात पेटी दिसते म्हणून आपले काही जण तिला 'तिकडची' समजतात. ती युरोपातली. पॅरिसच्या अलेक्झांडर दबेन यांनी १८४२ साली तिचे पेटंट घेतले. पायाने भाता मारायची पेटी मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांबरोबर इथे आली. आपण जमिनीवर बसून गाणारी माणसे, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारायची पेटी घडवली. मग ती कीर्तनात गेली, संगीत नाटकात गेली, मशिदीबाहेरच्या कव्वालीत गेली, गुरुद्वारात गेली. तिकडे शास्त्रीय संगीतातले जाणकार म्हणू लागले की ही परदेशी, हिच्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बंदी घातली होती. एकाच पेटीला एकीकडे परदेशी म्हणून हाकलले आणि दुसरीकडे देशी म्हणून. ती मात्र बिचारी दोन्हीकडे तोच षड्ज देत राहिली. आपल्या अनेक जुन्या मंडळ्यांत कोपऱ्यात एक पायपेटी धूळ खात पडलेली आहे. तिचे सूर कुबट झाले असतील, पण ती आणि शेजारच्या विठ्ठलमंदिरातली पेटी एकाच कुळातल्या आहेत. हे आपल्या मुलांना कोणी सांगते का?

आणि आपण तरी कोणत्या मातीत बसून हा वाद घालतो आहोत! या जिल्ह्यात गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले, ज्यांनी १८८० साली मराठी संगीत नाटक उभे केले. सुळेभावीला १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले. गायक रामकृष्णबुवा वझे बेळगावात राहिले, शिकवत राहिले. मिरजेची तंबोरे करणारी घराणी इथून जवळच. इथला माणूस मराठी बोलतो, कानडी चालीवर डोलतो आणि मुसलमान उस्तादांची गायकी शिकतो. रागाला जात-धर्म चिकटवण्याची सवय या भागाला कधीच नव्हती. ती आपण कुठून आणली?

ख्रिस्ती म्हणून आपला वारसाही आठवा. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट या कॅथलिक संघातला इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात आला आणि त्याने मराठी ओवीत क्रिस्तपुराण रचले. १६१६ साली ते गोव्यातल्या रायतूरला छापले, सुमारे अकरा हजार ओव्या. गोव्याच्या चर्चमधून ते वाचले-गायले जाई. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषाच दडपायचा हुकूम काढला, म्हणून त्या परंपरेची वाताहत झाली. ओवी चर्चमधून गेली ती सरकारी फर्मानाच्या काळात, धर्माला ती चालत नव्हती म्हणून गेली नाही. गोव्यातून घाट चढून खानापूर-बेळगावकडे आलेल्या घराण्यांनी हे विसरू नये. प्रोटेस्टंट बाजूला अहमदनगरचे कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तन करत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग लिहिले, पदे लिहिली. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते मोकळेपणाने सांगत. त्यांची गीते 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून आपण अजून गातो. गातो कशी, तर कीबोर्डवर 'वॉल्ट्झ'चे बटण दाबून. ज्या माणसाने अभंगासारखा अभंग बांधला त्याच्या शब्दांना झांज चालत नाही, हे मला कोणीतरी नीट समजावून सांगावे.

हलगीची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे मी घाई करणार नाही. तरुण मुले म्हणतात, हलगी आपल्या पूर्वजांची, ती वेदीपाशी यायलाच हवी. मंडळीतल्या काही म्हाताऱ्या माणसांचा मात्र तिला कडक विरोध आहे आणि त्यांच्या विरोधात इंग्रजाळलेपण अजिबात नाही. गावकीच्या कामात हलगी वाजवणे ही त्यांच्या बापजाद्यांवर लादलेली सक्ती होती. मयताच्या पुढे, जत्रेच्या पुढे, पाटलाच्या वाड्यापुढे वाजवायची, आणि मोबदला म्हणून उरलेसुरले पदरात घ्यायचे. ज्याने ख्रिस्ती होताना हलगी खुंटीवरून काढून फेकली, त्याने मान वर केली. आज त्याच्या नातवाने ती उचलली की त्या म्हाताऱ्याला वाद्य नाही, गळ्यातली दोरी दिसते. एका खेड्यात मी पाहिले : झावळ्यांच्या रविवारी (पाम संडेला) मिरवणुकीसाठी चार मुले चर्चच्या मागे वर्तमानपत्र पेटवून हलगी शेकत होती. कातडे ताणले, बोटाने टिचकी मारली, टणक आवाज आला. पायरीवर एक आजोबा बसले होते. ते उठून आत गेले आणि मिरवणूक संपेपर्यंत बाहेर आले नाहीत. त्या मुलांना वाईट वाटले, पण आजोबांना कोणी विचारले नाही.

इथे कमिटीने ठराव करून काही होणार नाही, ना होकाराचा ना नकाराचा. ज्या घराण्यांनी हलगीचा अपमान सोसला त्यांनीच ठरवायचे. ती वाजली तर हक्काने वाजावी, नाही वाजली तर त्यांच्या शब्दाखातर वाजू नये. पण मंडळीतले जे सुखवस्तू लोक "हलगी चर्चला शोभत नाही" म्हणतात, त्यांच्या 'शोभत नाही'मध्ये जात आहे. तिला श्रद्धेचे नाव देऊ नये.

बाहेरचे लोक आपल्याकडे कसे पाहतात, तेही यात येते. हिंदी सिनेमाने वर्षानुवर्षे ख्रिस्ती म्हणजे फ्रॉक, गिटार आणि दारूची बाटली असे दाखवले. शेजारीपाजारी आम्हाला विचारतात, "तुमच्यात मराठी गाणी असतात?" दुसरीकडे आपण भजन म्हटले, ओवी म्हटली की म्हणतात, हे लोकांना भुलवण्यासाठी सोंग घेतले आहे. २०२१च्या डिसेंबरात इथल्याच सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केले, २०२२ साली त्याचा कायदा झाला. तेव्हापासून पंचांच्या मनात धास्ती आहे, हे मला कळते. एका पंचांनी मला सरळ सांगितले, "ताई, इंग्रजी म्हटलं तर परके म्हणतील, भजन म्हटलं तर फसवे म्हणतील. त्यापेक्षा गप्प कीबोर्ड वाजवा." त्यांचे पहिले वाक्य खरे आहे. म्हणूनच दुसरे चुकते. दोन्ही बाजूंनी बोल लागणारच असेल तर आपण काय गायचे हे बोल लावणाऱ्यांवर का सोपवायचे? चारशे वर्षांपूर्वीची ओवी आणि शंभर वर्षांपूर्वीचा अभंग हे सोंग नसते. ते आपल्या घरचे आहे, आणि भीतीपोटी आपणच ते टाकून दिले तर उद्या आपल्या नातवंडांकडे दाखवायला काही उरणार नाही.

तरुणांनाही एक सांगायचे आहे, कारण सगळा दोष वडीलधाऱ्यांच्या माथी मारणे बरे नव्हे. स्पीकरच्या भिंती उभ्या केल्या, ड्रमसेट लावला, डोळे मिटून हात वर केले की पवित्र आत्मा आला, आणि संथ गायले की मंडळी मेलेली, हीदेखील ठोकळेबाज समजूतच आहे. पौल म्हणतो की मी आत्म्याने गाईन आणि बुद्धीनेही गाईन. स्तोत्र १३० विलंबित लयीत गाताना एखादी विधवा बाई मागे मुसमुसते, तिच्यापाशी आत्मा नाही असे कोणी म्हणावे?

भाषेचे थोडक्यात. आपली निम्मी मुले कानडी नाहीतर इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांना देवनागरी अडखळत वाचता येते. सीमावादाची सल आपल्या मनात आहे, माझ्याही आहे. मराठी टिकावी म्हणून मी जीव टाकते. पण कानडी गीत आले की बाकावर जी चुळबुळ सुरू होते ती मला सहन होत नाही. बैलहोंगलकडच्या देशनूरला जेझुइटांनी लिंगायतांच्या विरक्त मठाच्या धर्तीवर मठ उभारला, भगवी वस्त्रे घातली, तिथल्या लोकांच्या रीतीने प्रार्थना केली. ते सगळ्यांना पटेल असे नाही. पण शेजाऱ्याच्या चालीत देवाचे नाव घ्यायला ते कचरले नाहीत. आपल्या उपासनेत महिन्याला एक कानडी गीत आले तर मराठीचे काही बिघडणार नाही.

बायकांबद्दल मी एकच प्रश्न विचारते. गायकमंडळात निम्म्याहून जास्त आवाज बायकांचे असतात. मग गीत निवडायच्या बैठकीत किती बायका असतात?

आता मागणे. मुख्य उपासनेतली तबल्याची बंदी उठवा. निदान पुढच्या उपवासकाळापर्यंत ती तहकूब ठेवा आणि तोवर ऐका. हलगीबाबत त्या घराण्यांची स्वतंत्र बैठक बोलवा, तिथे आम्ही बाकीच्यांनी तोंड बंद ठेवावे. टिळकांच्या आणि जुन्या कवींच्या गीतांच्या मूळ चाली ज्या आजी-आजोबांच्या गळ्यात अजून आहेत, त्यांच्याकडे पोरांना मोबाईल घेऊन पाठवा आणि त्या रेकॉर्ड करून घ्या. खानापूर भागात अशी माणसे आहेत आणि ती दरवर्षी कमी होत आहेत. कीबोर्ड वाजवणाऱ्याला मानधन मिळते, तबल्याच्या मुलाला 'सेवा' म्हणून फुकट राबवले जाते, ते बंद करा. आणि त्या वडीलजनांची नि त्या मुलाची एकदा समोरासमोर गाठ घालून द्या. त्या दिवसापासून मुलगा उपासनेला येतो, पण तबला घरीच ठेवतो.

कमिटीची पुढची बैठक ठरली की कळवा. आम्ही चौघी येऊ, पेटी आम्ही आणू. तेच स्तोत्र तुमच्यासमोर एकदा तबल्यासह म्हणू, एकदा कीबोर्डवर म्हणू. त्यानंतर जो निर्णय घ्याल तो कारणांसकट लेखी द्या, म्हणजे मंडळीपुढे वाचता येईल.

कळावे.

आपली नम्र,
मंडळीतली एक गायिका
बेळगाव